जुन्या गाडीत मोठे इंजिन: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

जुन्या गाडीत मोठे इंजिन बसवण्याविषयी आलेल्या पत्रांमध्ये बरेच प्रश्न सारखे होते, म्हणून त्यांतले सहा निवडून येथे उत्तरे देत आहे. सर्वच पत्रलेखकांनी हात आखडता ठेवून काम करायचे असल्याचे कळवले आहे आणि त्या मर्यादेचे भान ठेवूनच मी लिहिले आहे.

प्रश्न: माझ्याकडे १३०० सीसीची, मागच्या चाकांवर चालणारी जुनी सेडान आहे. बॉडी ठणठणीत आहे, पण चार माणसे बसली की गाडी चढावर धापा टाकते. एका अपघातग्रस्त गाडीचे व्ही-८ (दोन रांगांत आठ सिलिंडरचे) इंजिन मला फारच स्वस्तात मिळते आहे. माझ्याच कंपनीचे २००० सीसीचे चार सिलिंडरचे इंजिनही उपलब्ध आहे, पण ते महाग आहे. कोणते घ्यावे?

महाग इंजिन घ्यावे. एकूण हिशेबात तेच स्वस्त पडण्याची शक्यता अधिक आहे.

या कामात सर्वांत जास्त फसवते ती इंजिनाचीच किंमत. इंजिन ही एकच वस्तू असते, तर ते गाडीशी जिथे जिथे जोडले जाते अशा जागा दहा-बारा असतात: माउंटिंग (इंजिन धरणारे रबरी आधार), गिअरबॉक्स, क्लच, प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा), रेडिएटरचे होज, सायलेन्सरचा पुढचा पाइप, पेट्रोलची लाइन, अ‍ॅक्सिलरेटरची केबल, वायरिंग, मीटर. यांतली जी जोडणी कंपनीने बनवलेल्या सुट्या भागाने होते तिचा खर्च आधी समजतो. जी जोडणी लेथवर आणि वेल्डिंगने घडवावी लागते तिचा खर्च मात्र काम संपल्यावरच कळतो. म्हणून तुमचेच मॉडेल किंवा त्याच चेसिसवरचे दुसरे मॉडेल मोठ्या इंजिनासह कधी विकले गेले होते का, हे सर्वांत आधी शोधा. तसे असेल तर माउंटिंगचे ब्रॅकेट, ऑइल चेंबर (इंजिनाखालचे तेलाचे भांडे), मोठा रेडिएटर आणि बहुतेक वेळा पुढच्या जाड स्प्रिंगसुद्धा कुठे ना कुठे जुन्या भागांत मिळतात, आणि कंपनीच्या अभियंत्यांनी एकदा सोडवलेले कोडे तुम्हाला पुन्हा सोडवावे लागत नाही.

छोट्या गाडीत व्ही-८ बसवण्याची परंपरा जुनी आणि मोहक आहे, हे मी नाकारत नाही. १९६२ मध्ये अमेरिकी शर्यतपटू कॅरोल शेल्बी यांनी ब्रिटिश एसी कंपनीच्या ‘एस’ (Ace) या गाडीत फोर्डचे व्ही-८ इंजिन घालून कोब्रा ही स्पोर्ट्स कार उभी केली. १९६४ मध्ये आलेल्या सनबीम टायगरमध्येही फोर्डचेच २६० घनइंची इंजिन होते. मात्र टायगरचा बॉनेट उघडून पाहिलेल्या माणसाला या मोहाची दुसरी बाजूही दिसते. इंजिन आत सरकावे म्हणून कारखान्यात रंग दिलेल्या फायरवॉलचा (इंजिन आणि प्रवासी यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीचा) काही भाग घणाने ठोकून आत दाबावा लागे आणि मागच्या बाजूचा एक स्पार्क प्लग काढण्यासाठी प्रवाशांच्या बाजूने फायरवॉलला भोक ठेवावे लागले होते. मोठ्या कंपनीची ही गत, तर घरच्या गॅरेजमध्ये काय होईल याची कल्पना करा.

वजनाचा मुद्दाही आहेच. १९७३ च्या एमजीबी जीटी व्ही-८ मध्ये ३५२८ सीसीचे रोव्हर इंजिन सुखाने नांदले, कारण ते अ‍ॅल्युमिनियमचे होते आणि त्याचे वजन जुन्या १८०० सीसीच्या बिडाच्या इंजिनाएवढेच भरत असे. बिडाचे व्ही-८ घातले तर पुढच्या चाकांवर पुष्कळ वजन वाढते, स्टिअरिंग जड होते आणि गाडी वळणावर सरळ जाऊ पाहते.

शक्य असेल तर सुटे इंजिन घेण्याऐवजी चालू स्थितीतली, बॉडी खराब झालेली आख्खी गाडी घ्या. इंजिन चालवून ऐकता येते, वायरिंग न कापता काढता येते, आणि कोणता पाइप कुठे जातो हे विसरलात तर पाहायला नमुना समोर असतो. उरलेले भाग विकून काही पैसे परतही येतात. इंजिन घेण्यापूर्वी प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आत दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब) मोजून घ्या. आकडा किती येतो यापेक्षा चारही आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का, हे जास्त महत्त्वाचे आहे. एखादा सिलिंडर इतरांपेक्षा दहा-पंधरा टक्क्यांहून अधिक खाली असेल, तर ते इंजिन उघडावे लागेल असे समजूनच भाव करा. बजेटचा एक तृतीयांश भाग हातात राखून ठेवा. तो खर्च होतोच.

प्रश्न: मोठे इंजिन घातल्यावर जुना गिअरबॉक्स चालेल का? मेकॅनिक म्हणतो, "जपून चालवली तर चालेल."

मेकॅनिक खोटे बोलत नाही, पण मोठे इंजिन घालून जपून चालवणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

थोडा हिशेब करू. जुने इंजिन १०० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देत असेल, पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.६ आणि डिफरन्शियलचे (मागच्या अ‍ॅक्सलवरच्या गिअरसंचाचे) ४.१ असेल, तर मागच्या अ‍ॅक्सलला सुमारे १,४७५ न्यूटन-मीटर मिळतात. नवे इंजिन १८० देणार असेल, तर तोच आकडा २,६५० च्या वर जातो. गिअरचे दात, क्लचप्लेट, युनिव्हर्सल जॉइंट आणि अ‍ॅक्सल या सगळ्यांवरचा ताण ऐंशी टक्क्यांनी वाढतो. यांतले सर्वांत कमकुवत असेल ते आधी तुटते आणि ते काय असेल हे गाडीगणिक बदलते. म्हणून इंजिनाबरोबर त्याचाच गिअरबॉक्स घेणे हा सरळ मार्ग आहे. बेलहाउसिंगची (क्लचवरच्या घंटेसारख्या आवरणाची) भोके जुळतात, फ्लायव्हील आणि क्लच एकमेकांना साजेसे असतात, आणि क्लचप्लेटच्या मधल्या खाचा शाफ्टवर बसतील का हा प्रश्न उरत नाही. मग प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलून घ्यावी लागते. ते काम मात्र बॅलन्सिंगचे यंत्र असलेल्याकडेच द्यावे, कारण घरी वेल्ड केलेला शाफ्ट महामार्गाच्या वेगाला आख्खी गाडी थरथरवतो.

दोन वेगळ्या कंपन्यांचे इंजिन आणि गिअरबॉक्स अडॅप्टर प्लेटने जोडायचे असतील, तर क्रँकशाफ्टची मध्यरेषा आणि बेलहाउसिंगची मध्यरेषा जुळते आहे का, हे डायल गेज लावून तपासा. डोळ्यांना न दिसणारा, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा फरकसुद्धा पुढे बेअरिंग खातो आणि क्लचला चिकटपणा आणतो.

डिफरन्शियलचा विचार बहुतेक जण करतच नाहीत. छोट्या इंजिनाला ओढ यावी म्हणून कंपनी आखूड, म्हणजे मोठ्या आकड्याचे, गुणोत्तर देते. मोठ्या इंजिनाला त्याची गरज नसते. ४.४ चे डिफरन्शियल बदलून ३.७ चे घातले, तर ज्या वेगाला इंजिन ४,००० फेरे घेत होते त्याच वेगाला ते सुमारे ३,३६० फेरे घेईल. आवाज कमी होतो, पेट्रोल कमी लागते, आणि पहिला गिअर टाकताक्षणी संपत नाही. खर्चाच्या मानाने एवढे समाधान देणारा दुसरा बदल मला माहीत नाही.

प्रश्न: इंजिन आत मावेल की नाही, हे विकत घेण्याआधी कसे ठरवावे?

टेपने फक्त लांबी-रुंदी मोजून ठरवू नका. अडचण इंजिनाच्या मापापेक्षा त्याच्या आकाराची असते. ऑइल चेंबरचा खोल भाग पुढे आहे की मागे, हे पाहा आणि तुमच्या गाडीचा क्रॉसमेंबर (इंजिनाखालची आडवी तुळई) कुठे आहे ते पाहा. दोन्ही एकाच जागी येत असतील, तर चेंबर कापून पुन्हा घडवावा लागेल आणि त्याबरोबर तेल ओढणारा पाइपही हलवावा लागेल. त्या पाइपचे तोंड चेंबरच्या तळापासून योग्य अंतरावर आले नाही, तर पहिल्याच लांब वळणावर तेलाचा दाब पडतो. क्रॉसमेंबर कापण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, कारण बहुतेक गाड्यांत पुढचे सस्पेन्शन त्यालाच धरून असते. यानंतर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर गोळा करणारा पाइप) आणि स्टिअरिंगचा दांडा यांच्यातले अंतर पाहा. इंजिन रबरावर डोलते, म्हणून उभ्या गाडीत बोटभर अंतर दिसले तरी ते पुरेसे असेलच असे नाही.

प्रत्यक्ष बसवताना आधी रिकामा ब्लॉक, हेड आणि गिअरबॉक्स एवढेच जोडून साखळीने आत सोडा, लाकडी ठोकळ्यांवर टेकवा आणि मगच माउंटिंगची जागा ठरवा. बॉनेटच्या अंतराची मला आवडणारी पद्धत अशी: एअर फिल्टरवर आणि इंजिनाच्या उंच भागांवर मऊ मातीचे लिंबाएवढे गोळे ठेवायचे, वर प्लास्टिकचा कागद पसरायचा आणि बॉनेट हलकेच लावून पुन्हा उघडायचा. दबलेल्या गोळ्यांत काडी खुपसली की त्या त्या ठिकाणचे अंतर मिलिमीटरमध्ये कळते. वीस मिलिमीटरच्या खाली कुठेही आले, तर इंजिन आणखी खाली किंवा मागे न्या.

खाली-मागे नेताना गिअरबॉक्सचा कोन विसरू नका. गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट आणि डिफरन्शियलचा पुढचा शाफ्ट बाजूने पाहिले असता एकमेकांना समांतर असावेत, म्हणजे प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन सारखे होतात आणि एकाची धडधड दुसरा खोडून काढतो. शाफ्ट अगदी सरळ रेषेतही नको. जॉइंटमधले सुईबेअरिंग थोडेही हलले नाहीत, तर एकाच जागी खड्डे पाडतात.

प्रश्न: माझी गाडी कार्ब्युरेटरची आहे आणि नवे इंजिन फ्युएल इंजेक्शनचे. कार्ब्युरेटर लावून काम भागवू का?

भागवता येते, पण मग आधुनिक इंजिन घेऊन मिळवले काय? थंडीत एका फटक्यात सुरू होणे आणि कमी पेट्रोल पिणे हे त्याचे गुण इंजेक्शनमुळेच असतात. ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक), सर्व सेन्सर आणि वायरिंग त्याच गाडीची, न कापलेली घ्या. इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय इंजिन चालू न देणारी यंत्रणा) असेल तर त्याची चावी आणि ती ओळखणारा स्टिअरिंगजवळचा भागही घ्या, नाहीतर इंजिन क्षणभर सुरू होऊन बंद पडेल आणि तुम्ही आठवडाभर गाडीतल्या पेट्रोलच्या पंपावर संशय घेत बसाल.

पेट्रोलच्या बाजूला खरा बदल दाबाचा आहे. कार्ब्युरेटरचा पंप ०.२ ते ०.३ बार दाब देतो, इंजेक्शनला साधारण ३ बार लागतो. पेट्रोलचे प्रमाण त्या मानाने फार नसते: ९० किलोवॉटच्या इंजिनाला पूर्ण ताकदीवर तासाला सुमारे ३६ लिटर पुरतात. म्हणून पंप अवाढव्य नको, पण होज आणि क्लिप मात्र इंजेक्शनच्या दाबाच्याच हव्यात. जुना होज या दाबाला फुटला की पेट्रोल थेट गरम मॅनिफोल्डवर उडते. येथे एक पैसाही वाचवू नका.

प्रश्न: ब्रेक आधी करावेत की इंजिन चालू झाल्यावर पाहावे?

आधी करावेत. ताशी ८० च्या जागी १०० किलोमीटरने गाडी जाऊ लागली, की थांबवायची ऊर्जा दीडपटीहून अधिक होते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्याच मॉडेलच्या मोठ्या इंजिनाच्या आवृत्तीचे ब्रेक मिळाले तर उत्तम. नाही मिळाले, तर निदान डिस्क, पॅड, होज आणि ब्रेक फ्लुइड नवे घाला. इंजिन बदलल्याची नोंद वाहन नोंदणीत आणि विमा कंपनीकडे करणेही याच टप्प्यावर आटोपून घ्या. तुमच्याकडे त्याची परवानगी काय अटींवर मिळते, हे इंजिन विकत घेण्याआधी विचारलेले बरे.

प्रश्न: इंजिन बसवून दोन महिने झाले. रिकाम्या रस्त्यावर काटा मधोमध राहतो, पण गर्दीत उभे राहिले की तापमान चढते. रेडिएटर नवा आहे. शिवाय अलीकडे अ‍ॅक्सिलरेटरची केबल जड झाली आहे. बदलली तरी पंधरा दिवसांत नवीही तशीच झाली.

तुम्ही दोन तक्रारी लिहिल्या आहेत. पहिलीचे कारण हवेत आहे. धावत्या गाडीत हवा आपोआप येते आणि तापमान जागेवर राहते, म्हणजे रेडिएटर आणि पाण्याचा पंप दोन्ही ठीक आहेत. उभ्या गाडीत हवा ओढण्याचे काम एकट्या पंख्याचे असते. पंख्याभोवती कव्हर नसेल, तर तो रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी इंजिनाभोवतीची गरम हवाच घुसळत राहतो. जुन्या गाडीचे कव्हर नव्या इंजिनाला अडते म्हणून काढून टाकलेले मी अनेकदा पाहिले आहे. रेडिएटरची पूर्ण जाळी झाकणारे पत्र्याचे कव्हर बनवा आणि विजेवर चालणारा पंखा असेल तर तो उलटा फिरत नाही ना, हे कागदाचा तुकडा धरून पाहा. कागद जाळीला पुढून चिकटला पाहिजे.

केबलची तक्रार वाचून मात्र मी पत्र पुन्हा वाचले. तुमच्या इंजिनाची अर्थिंगची पट्टी बसवायची राहिली आहे, असा माझा दाट संशय आहे. इंजिन रबरी माउंटिंगवर बसते आणि रबर वीज वाहू देत नाही. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी जाड पट्टी नसेल, तर स्टार्टरचा शेकडो अँपिअरचा प्रवाह परतीसाठी जी धातूची वाट मिळेल ती धरतो, आणि बॉडीपासून इंजिनापर्यंत जाणारी बारीक पोलादी तार म्हणजे तुमची अ‍ॅक्सिलरेटरची केबल. प्रत्येक वेळी स्टार्टर मारला की ती तापते आणि आतले प्लास्टिकचे अस्तर वितळून तारेला चिकटते. पडताळणी सोपी आहे: मल्टिमीटरची एक तार इंजिनाच्या उघड्या धातूला आणि दुसरी बॅटरीच्या ऋण टोकाला लावा आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टहून अधिक दिसले, तर रंग खरवडून स्वच्छ केलेल्या धातूवर बॅटरीच्या वायरीएवढी जाड पट्टी बोल्टने आवळा, आणि त्यानंतरच तिसरी केबल विकत घ्या.