नरकासुराला दहा तोंडं कुणी लावली?

या वेळची पत्रं जवळजवळ सगळीच एआयने चित्रं काढणाऱ्या टूल्सवर आहेत, त्यातली चार घेतलीत. लांबलचक पत्रांना कात्री लावलीय, राग मानू नका.

प्रश्न: ताई, आमचा वाड्यावरचा ग्रुप दरवर्षी दिवाळीला नरकासुराचा पुतळा करतो, स्पर्धेत पण उतरवतो. यंदा म्हटलं डिझाइन एआयवर करून बघूया. तीन-चार टूल्स ट्राय केली, चित्रं एकदम भारी येतात, पण एकाने त्याला दहा तोंडं लावली, दुसऱ्याने शिंगं आणि चिलखत घालून गेममधला राक्षस केला, आणि जो त्यातल्या त्यात आवडला तो बांधायचा कसा हे कुणालाच कळेना. नेमकं कुठलं टूल चांगलं?
— एक वाचक, फोंडा

उत्तर: दहा तोंडं का, तर ही टूल्स इंटरनेटवरची चित्रं आणि त्यांच्याखालच्या ओळी बघून शिकलीत. स्टेबल डिफ्युजन हे टूल ज्या साठ्यातून शिकलं त्या लायन-५बीमध्ये ५८५ कोटी चित्र-ओळ जोड्या आहेत, आता एवढ्या ढिगाऱ्यात भारतातला राक्षस म्हटला की रावणच जास्त सापडणार, आपला चतुर्दशीच्या पहाटे जळणारा नरकासुर तिथे किती असेल तुम्हीच सांगा. म्हणून नावावर विसंबू नका, जे दिसतं ते लिहा: डोकं एकच, वटारलेले डोळे, जाड मिशा, बाहेर आलेले सुळे, पोट सुटलेलं, उंची शेजारच्या घराच्या कौलांपर्यंत. चॅटजीपीटी आणि जेमिनायला मराठीत लिहिलेलं पण कळतं.

आता कुठलं टूल चांगलं. यादी देत नाही, कारण महिन्या-दोन महिन्यांनी नवीन व्हर्जन येतं आणि यादी शिळी होते. तुम्हाला डोळे मिटून माहीत असलेली एखादी वस्तू टूलला काढायला सांगा, म्हणजे कुठे चुकतंय ते तुम्हाला लगेच दिसेल. सूर्यास्त, समुद्र, फेटा बांधलेला म्हातारा असल्या गोष्टी सगळीच टूल्स छान काढतात, त्यातून कळत काहीच नाही.

मी माझ्यापुरती कावी, म्हणजे आपल्याकडची भिंतीवरची जुनी चित्रकला, घेते. मोरजीला मोरजाईच्या देवळातल्या भिंती ज्यांनी बघितल्यात त्यांना माहीत आहे, पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर द्यायचा आणि तो ओला आहे तोवर टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. म्हणजे रंग दोनच. खरवडलं की पांढरं, नाही खरवडलं की तांबडं, मधला गुलाबी नाही आणि सावली तर नाहीच नाही. टूलला नुसतं 'कावी' म्हटलं की रांगोळी येते नाहीतर गोल मंडल, ते एक वेळ ठीक, नाव माहीत नसेल. मग मी नाव न घेता वरचं सगळं सविस्तर लिहून देते आणि बघत बसते. काही टूल्स दोन रंगांवर थांबतात. काही मात्र पाकळीला हळूच शेड देतात, कडेला सोनेरी रेघ ओढतात, मागे दगडी भिंत उभी करून तिच्यावर ऊन पाडतात, आणि चित्र इतकं देखणं असतं की पहिल्यांदा बघणारा वा म्हणेल, पण मी सांगितलेलं त्यात काहीच नसतं. देखणं काढणं वेगळं आणि सांगितलेलं ऐकणं वेगळं. असलं टूल मूड ठरवायला चालेल, कामाच्या चित्राला नाही.

बांधायचं म्हणाल तर उलट्या बाजूने जा. सांगाडा जो वेल्डिंग करतो आणि पेंढा जो भरतो, त्यांच्याबरोबर बसून आधी कागदावर साधा स्केच काढा, पाय किती लांब, वजन कुठल्या पायावर, हात वर असेल तर टेकू कुठे, आणि तो स्केच टूलमध्ये अपलोड करून सांगा की ह्या रेषा हलवू नको, फक्त चेहरा, कपडे, रंग दे. स्टेबल डिफ्युजन स्वतःच्या पीसीवर चालवणारा कोणी पोरगा ग्रुपमध्ये असेल (असतोच) तर त्याला कंट्रोलनेट विचारा, २०२३ मध्ये आलं, ते ह्याच कामासाठी आहे, पोझ आणि रेषा धरून ठेवतं. त्यात सीड नावाचा आकडा पण असतो, तो तोच ठेवला आणि वाक्यात एकच शब्द बदलला की कशाने काय बदललं ते कळतं. नाहीतर दर वेळी नवीन चित्र येतं आणि पोरं नुसतीच रात्रभर बटणं दाबत बसतात. आणि हो, पाठमोरा आणि बाजूने जरूर काढून घ्या. समोरून चार हात असलेला पाठमोरा होताना तीन हातांचा झाला, तर समजा की टूलच्या डोक्यात शरीर नाही, फक्त समोरचं चित्र आहे.

प्रश्न: आमच्या गावात देवळाच्या काल्याच्या उत्सवाला मराठी नाटक असतं. पोस्टर एआयने केलं तर चित्र सुंदर आलं पण अक्षरं बघवत नाहीत. 'श्री'चं भलतंच काहीतरी झालंय आणि एका नटाचं नाव असं आलंय की तो बोलायचा बंद झालाय. उपाय?
— एक वाचिका, डिचोली

उत्तर: त्या नटाला आधी चहा पाजा! ही टूल्स आपल्यासारखं अक्षर टाइप करत नाहीत, अक्षराचा आकार रंगवतात, त्यामुळे जोडाक्षर सुटतं, वेलांटी शेजारच्यावर जाऊन बसते, रफार गायब होतो. अलीकडची मॉडेल्स, म्हणजे मार्च २०२५ मध्ये चॅटजीपीटीत आलेलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात आलेलं गूगलचं नॅनो बनाना प्रो, ह्यात पुष्कळ बरी आहेत, मोठं शीर्षक बरोबर येऊ शकतं. पण पात्रपरिचयाच्या बारीक ओळी त्यांच्यावर सोडू नका. टूलकडून बिनअक्षरी चित्र घ्या, वरचा एक तृतीयांश भाग मोकळा ठेव असं सांगा, आणि मजकूर कॅनव्हा किंवा इंकस्केप असल्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतः टाका. मुक्ता, बलू २ हे फॉन्ट फुकट आहेत, तिरो देवनागरी मराठीमध्ये तर ल आणि श आपल्या वळणाचे मिळतात, जुन्या नाटकाला शोभतात.

दुसरं म्हणजे साइझ, हे कोणीच विचारत नाही आणि प्रिंटिंगवाला रात्री फोन करतो. पुष्कळ टूल्सचं चित्र १०२४ पिक्सेलच्या आसपास असतं, छापताना ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरले तर, ते जेमतेम साडेतीन इंच भरतं. ए-३ पोस्टर नीट हवं तर ३५०८ गुणिले ४९६१ पिक्सेल लागतात. अपस्केल, म्हणजे सॉफ्टवेअरने मोठं, करता येतं, पण अपस्केलर नसलेला तपशील स्वतःच्या मनाने भरतो, त्यामुळे मोठं केल्यावर चेहरे आणि बोटं परत एकदा झूम करून बघा. रस्त्यावरच्या बॅनरला एवढी चिंता नको, तो लांबून बघायचा असतो.

प्रश्न: आर्ट कॉलेजला आहे. मिडजर्नीचं सबस्क्रिप्शन घेऊ का? आणि त्यातून व्यंगचित्रकार मारियो मिरांडांच्या स्टाइलमध्ये चित्रं काढून टी-शर्टवर विकली तर चालेल का? इकडे टुरिस्ट घेतात.
— एक विद्यार्थी, पणजी

उत्तर: मिडजर्नीचा सगळ्यात स्वस्त प्लॅन महिन्याला १० डॉलरचा. हातात ठरलेलं काम असेल त्याच महिन्यात घे, वर्षाचा एकदम घेऊ नकोस. तोवर फुकट मिळतंय त्यावर तुझी कावी, तुझी होडी, तुझ्या आजीचं तुळशीवृंदावन जे काय असेल ते काढून बघ.

टी-शर्टचं उत्तर नाही असं आहे. नुसत्या स्टाइलवर कॉपीराइट नसतो हे खरं, पण मारियो मिरांडा २०११ मध्ये गेले, आपल्याकडे कॉपीराइट मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, म्हणजे त्यांची चित्रं आणि ती पात्रं २०७१ संपेपर्यंत सुरक्षित आहेत, आणि टूल स्टाइल देता देता पात्रंच उचलून देतं हे तुला चार प्रयत्नांत दिसेल. कायद्याचं सोड, पणजीत राहून मारियोची नक्कल विकायची म्हणजे गिऱ्हाईक पण हसेल रे! ज्याचं कॉपीराइट तुझ्याकडे राहावं असं वाटतं ते काम हाताने सुरू कर, स्केच आणि लेयर जपून ठेव. १९५७ च्या आपल्या कायद्यात कॉम्प्युटरने तयार झालेल्या कामाचा कर्ता म्हणजे ते करवून घेणारी व्यक्ती असं कलम आहे, पण ते १९९४ मध्ये घातलं तेव्हा असली टूल्स कुणाच्या स्वप्नात नव्हती, आणि अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसने जानेवारी २०२५ मध्ये सरळ म्हटलंय की नुसता प्रॉम्प्ट, म्हणजे टूलला द्यायची सूचना, लिहिणं पुरेसं नाही. क्लायंट कॉपीराइटला बिचकत असेल तर अडोबी फायरफ्लाय हे टूल बघ, ते अडोबी स्टॉक ह्या कंपनीच्याच चित्रसंग्रहातल्या आणि कॉपीराइट संपलेल्या चित्रांवर शिकवलंय असं कंपनी सांगते.

प्रश्न: आमचं होमस्टे आहे. बाल्कांवाचे (घरापुढच्या बसायच्या ओसरीचे) फोटो एआयने थोडे सुंदर केले तर चालेल ना?
— एक वाचक, पेडणे

उत्तर: उजेड वाढवा, वायरी पुसा, दोरीवरचे कपडे काढा, काही हरकत नाही. पण नसलेली शिंपल्यांची खिडकी लावू नका आणि शेताच्या जागी समुद्र तर अजिबात आणू नका, गेस्ट बॅगा घेऊन तिथेच उभा राहून विचारणार आहे. शिवाय जेमिनायने केलेल्या चित्रात सिंथआयडी नावाची डोळ्यांना न दिसणारी खूण असते, कुणी तपासलं तर ती सापडते. मूळ फोटो डिलीट करू नका, दोन्ही ठेवा.