सुदानचं गाणं: सुरुवात मोहम्मद वर्दींपासून

प्रश्न: मित्राने एक सुदानी गाणं ऐकवलं. शब्द अरबी, पण चाल ऐकताना मला आपला भूप आठवला. असं कसं? आणि सुदानचं संगीत ऐकायचं तर सुरुवात कुणापासून करावी?

उत्तर: भूप आठवला यात नवल नाही. कैरोचं गाणं मकामांवर, म्हणजे अरबी स्वररचनांवर चालतं, त्यात पाव स्वरही लागतात. सुदानची राजधानी खार्टूम आणि तिच्या शेजारचं ओमदुर्मान, इथलं गाणं मात्र बहुतांशी आपल्या भूपासारखं पाच स्वरांत फिरतं. शेजारच्या इथिओपियातही पंचस्वरी गाणंच रुजलेलं आहे, म्हणून सुदानी गायकांना अदिस अबाबातही भरभरून श्रोते मिळाले.

सुरुवात गायक मोहम्मद वर्दींपासून करा. त्यांच्याआधी दुसरं नाव मी सुचवणारच नाही. १९३२चा जन्म, उत्तर सुदानमधल्या नूबियन समाजातले, आधी शिक्षक. नूबियन आणि अरबी दोन्ही भाषांत गायचे. ऑक्टोबर १९६४ मध्ये लोकांनी जनरल अब्बूद यांची लष्करी राजवट उलथवली, त्या दिवसांची गाणी वर्दींच्या आवाजात घरोघरी पोचली. १९८९च्या लष्करी उठावानंतर त्यांना देश सोडावा लागला. २००२ मध्ये ते परतले आणि २०१२ मध्ये खार्टूममध्येच गेले.

त्यांचं गाणं लावलंत की घाई करू नका. आधी व्हायोलिनांचा ताफा आणि अ‍ॅकॉर्डियन चाल मांडतात, तीही निवांत. मग आवाज येतो. सगळी व्हायोलिनं गायकाबरोबर एकच सुरावट वाजवतात आणि ओळ संपली की तिला उत्तर देतात. मला सगळ्यात जास्त आवडतात त्या याच जागा.

याच्याही मागे जायचं असेल तर हकीबा ही जुनी गायनशैली ऐका: गायक, कोरस, टाळ्या आणि रिक नावाची छोटी डफ, बस्स. त्यातलं मोठं नाव अब्दुल करीम करुमा (१९०५–१९४७). १९४० मध्ये ओमदुर्मान रेडिओ सुरू झाला आणि पुढे वाद्यवृंदाचं गाणं बहरलं. त्याच दशकात आयशा अल-फलातिया रेडिओवर गायल्या. बाईने असं जाहीर गाणं तेव्हा सोपं नव्हतं. सत्तरच्या दशकातल्या अल-बलाबिल या तीन बहिणी जरूर ऐका. गिटार हवी असेल तर शरहबील अहमद.

गायक अब्देल गादिर सालिम सुदानमधल्या कोर्दोफान प्रांताचे. त्यांच्या मर्दूम या तिथल्या लोकतालाचा ठेका ऐकून पाय थांबत नाहीत. १९९४ मध्ये ओमदुर्मानच्या कलावंतांच्या क्लबात हल्लेखोराने गायक खोजली उस्मान यांचा जीव घेतला. त्याच हल्ल्यात सालिमही जखमी झाले, आणि नंतर पुन्हा गायले. एप्रिल २०२३ पासूनच्या युद्धाने तर कित्येक कलावंत देशोधडीला लावले. गायिका शादेन गार्दूद मे २०२३ मध्ये ओमदुर्मानमधल्या गोळीबारात गेल्या.

आजचं काही हवं असेल तर पोर्ट सुदानच्या नूरी यांचा दोर्पा बँड घ्या. तंबूर या पारंपरिक तंतुवाद्याला त्यांनी गिटारची मान जोडली आहे आणि त्यावर ते तांबड्या समुद्राकाठच्या बेजा लोकांच्या चाली वाजवतात. त्यांचा २०२२चा अल्बम सहज मिळेल.