उद्यमबाग आणि नेहरूनगर अशा दोन नोकऱ्या असतील तर बेळगावात घर कुठं घ्यावं?

तुमचा प्रश्न असा: तुम्ही उद्यमबागेतल्या कारखान्यात, मिसेस नेहरूनगरला इस्पितळात पाळीनं. शहराबाहेर खानापूर रोडवरच्या मच्छेतलं भाड्याचं घर शहरातल्या टिळकवाडीपेक्षा महिन्याला ३,००० रुपयांनी स्वस्त मिळतंय, तर घ्यावं का?

मी नको म्हणेन, पण पेट्रोलमुळे नव्हे. आधी तोच हिशोब बघा. मिसेसना मच्छेहून एका खेपेला सात किलोमीटर जास्त पडतात असं धरू. दिवसाला १४, महिन्याच्या २६ दिवसांचे ३६४. स्कूटर लिटरला ४५ देत असेल तर आठ लिटर, म्हणजे आठ-साडेआठशे रुपये. टायर, ऑइल, सर्व्हिस धरून बाराशे. तरीही मच्छे १,८०० नं स्वस्तच पडतं. बहुतेक जण हिशोब इथंच थांबवतात आणि ॲडव्हान्स देऊन टाकतात.

आता वेळ मोजा. गोगटे सर्कल, चन्नम्मा चौक, कोल्हापूर सर्कल हे टिळकवाडीहूनही चुकत नाहीत. जास्तीचा वेळ खातो तो खानापूर रोड: कारखान्यांची सुटायची-भरायची वेळ, ट्रक, पिरनवाडीची गर्दी. एका खेपेला २० मिनिटं धरली तर महिन्याला १,०४० मिनिटं, म्हणजे सतरा तासांच्या वर. वाचलेले १,८०० रुपये त्यावर वाटले की तासाला शंभरच्या आसपास येतात. रात्रपाळी करून झोपेला आलेल्या माणसाचा तास एवढ्याला विकू नये. जून ते सप्टेंबर पावसात हीच खेप आणखी लांबते, आणि अंधारात, भिजत दुचाकी चालवायची ती वेगळीच.

बसचाही विचार करा. शक्ती योजनेमुळे ११ जून २०२३ पासून कर्नाटकातल्या रहिवासी महिलांना साध्या सरकारी बसचा प्रवास फुकट आहे. मिसेसच्या ओळखपत्रावर चंदगड किंवा कोल्हापूरचा, म्हणजे महाराष्ट्रातला पत्ता असेल तर तो बदलल्याशिवाय ही सवलत मिळत नाही. तरी मच्छेहून नेहरूनगरला बहुधा मध्ये बस बदलावी लागेल. दुपारपाळी रात्री आठला सुटत असेल तर परतीची शेवटची गाडी किती वाजता, हे स्टँडवर जाऊन विचारा. फोनमधल्या वेळापत्रकावर जाऊ नका.

टिळकवाडीत घर बघतानाही डोळे उघडे ठेवा. रेल्वेच्या तिसऱ्या गेटला उड्डाणपूल झालाय, पण पहिल्या-दुसऱ्या गेटला फाटक पडलं की थांबावंच लागतं, आणि पाठोपाठ दोन गाड्या असल्या तर जास्तच. घर आणि रोजचा रस्ता रुळाच्या एकाच अंगाला पडतात का ते बघा. अनगोळ-वडगाव स्वस्त पडेल, पण तिथून उद्यमबागला चौथं गेट आडवं येतं.

जमलं तर नेहरूनगरजवळच्या सदाशिवनगरकडेही दोन-चार घरं बघाच. तुमची वेळ ठरलेली, हाताशी गाडी. लांबची खेप तुम्ही केलेली बरी. पाळीवाल्या माणसाला इस्पितळ जवळ हवं.

ॲडव्हान्स देण्याआधी दोघांनी आपापली वाट खरोखर करून बघा: सोमवारी पाळीच्या वेळेला, एकदा रात्री साडेआठला, जमल्यास भर पावसात. दारापासून हजेरी लावेपर्यंत घड्याळ लावा, पार्किंग आणि गेटवरचं थांबणं धरून. रविवारी दुपारी घर बघायला गेलात तर मच्छे फार जवळ वाटेल.