डिजिकॅम या फोटो सांभाळायच्या सॉफ्टवेअरवर आल्यावर गूगलचं जुनं फोटो-सॉफ्टवेअर पिकासा काढलं तर फोटो जातील का?

नाही, फोटो तुमच्या फोल्डरमध्येच राहतात. २०१६ पासून गूगलने पिकासाकडे पाठ फिरवलीय, त्यामुळे ते खुशाल काढा. पण आधी केलेल्या दुरुस्त्या सांभाळा. पिकासात कातरलेला किंवा उजळलेला फोटो सेव्ह केला नसेल, तर तो बदल फोल्डरमधल्या एका लपलेल्या 'पिकासा.आयएनआय' फाइलीत नुसता नोंदलेला असतो. डिजिकॅममध्ये फोटो पुन्हा पहिल्यासारखाच दिसतो. म्हणून आधी पिकासातच एकेक फोल्डर उघडून बदल सेव्ह करा. चेहऱ्यांची नावंही फोटोतच लिहून घ्या, लग्नाच्या गर्दीतली माणसं पुन्हा ओळखत बसणं फार जिवावर येतं. मग कंट्रोल पॅनलमधून अनइन्स्टॉल करा. डेटाबेस पुसायचा का, असं विचारलं तर तूर्तास 'नाही' म्हणा. आणि 'पिकासाओरिजिनल्स' नावाच्या लपलेल्या फोल्डरला हात लावू नका, सेव्ह करण्याआधीच्या मूळ प्रती त्यातच असतात.