सॅटचं दुसरं मॉड्यूल अवघड गेलं, आता काय?

मुलगी अकरावीत आहे, सॅट (अमेरिकेतल्या कॉलेजांच्या प्रवेशासाठीची परीक्षा) देऊन आली आणि म्हणतेय की गणिताचा दुसरा भाग भयंकर अवघड होता, स्कोअर गेलाच समजा, असं तुम्ही लिहिलंय. अहो, तो भाग अवघड आला ही बहुतेक वेळा चांगलीच खूण असते.

मार्च 2024 पासून अमेरिकेतही सॅट डिजिटल झाली, ब्लूबुक नावाच्या अ‍ॅपवर होते. रीडिंग-रायटिंग आणि मॅथ असे दोन सेक्शन, प्रत्येकाची दोन मॉड्यूल्स. पहिल्यात सोपे-अवघड सगळे प्रश्न मिसळलेले असतात, ते कसं सोडवलं यावरून कॉम्प्युटर ठरवतो की दुसरं मॉड्यूल सोपं द्यायचं की कठीण. सोपं मिळालं तर त्यातलं सगळं बरोबर आलं तरी 800 पर्यंत, म्हणजे सेक्शनच्या पूर्ण मार्कांपर्यंत, पोचता येत नाही, आणि कठीण मिळालं की थोडे प्रश्न चुकूनही स्कोअर चांगला येऊ शकतो. म्हणून मैत्रिणीचे किती बरोबर आले न् हिचे किती, ही मोजामोज करूच नका, शिवाय प्रत्येक मॉड्यूलमध्ये दोन प्रश्न असे असतात जे धरलेच जात नाहीत आणि ते कोणते हे कळत नाही.

खरी मेख पहिल्या मॉड्यूलमध्ये आहे. मॅथचे 22 प्रश्न, 35 मिनिटं. हुशार मुलंसुद्धा इथे घाई करतात, एक्स विचारलाय की टू-एक्स हे न वाचता उत्तर ठोकतात. मॉड्यूल संपेपर्यंत मागे जाता येतं, नंतर नाही, त्यामुळे शेवटची पाच मिनिटं तपासायला ठेवायची सवय लावा. निगेटिव्ह मार्किंग नाहीये, एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. अ‍ॅपमध्येच डेस्मॉस नावाचं आलेख काढणारं कॅल्क्युलेटर आहे, ते नीट शिकायला सांगा, दोन समीकरणांचा आलेख काढून छेदबिंदू बघितला की काम झालं. पण सात गुणिले आठसाठीसुद्धा ते उघडणारी मुलं आहेत, तसं नको!

रीडिंगचे उतारे आता छोटे असतात, जेमतेम 25 ते 150 शब्द, एका उताऱ्यावर एकच प्रश्न. सेमीकोलन, कोलन, हाउएव्हर-देअरफोर यांचे नियम मोजकेच आहेत, हे सगळ्यात स्वस्तात मिळणारे मार्क. जड शब्दांच्या याद्या पाठ करून घेण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

क्लासला पैसे भरायच्या आधी ब्लूबुकवरच्या फुकट प्रॅक्टिस टेस्ट द्यायला लावा, खान अकॅडमी ही शिकवणारी वेबसाइटपण फुकट आहे, आणि चुका कुठल्या प्रकारच्या होतायत ते एका वहीत लिहायला सांगा. त्यानंतरच क्लासचं बघा.

आणि हो, ती कुठे अप्लाय करणारे? युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया अ‍ॅडमिशनसाठी सॅट बघतच नाही, अमेरिकेतल्या एमआयटीने मात्र 2022 मध्ये परत सक्तीची केली. बरीच कॉलेजं सुपरस्कोअर करतात, म्हणजे वेगवेगळ्या तारखांना दिलेल्या परीक्षांमधला प्रत्येक सेक्शनचा सगळ्यात चांगला स्कोअर धरतात. तेव्हा आत्ता मॅथ खरंच बिघडलं असलं तरी ऑगस्टमध्ये परत देता येईल, आणि यावेळी रीडिंग चांगलं गेलं असेल तर अशा कॉलेजांत तो स्कोअर वाया जात नाही.