आरसी विमानं: पहिलं कुठलं घ्यावं, नाक किती जड असावं आणि फुगलेल्या बॅटरीचं काय करावं

मागच्या अंकात आरसी, म्हणजे रिमोटवर उडणाऱ्या, विमानांबद्दल प्रश्न पाठवा असं म्हटलं होतं, आणि खूपच आले, शाळेतल्या पोरांपासून आजोबांपर्यंत. सगळे घेता येणार नाहीत, म्हणून जे पुन्हा पुन्हा येतायत ते आधी घेतलेत.

प्रश्न: मुलगा नववीत आहे आणि त्याला दुसऱ्या महायुद्धातलं स्पिटफायर हवंय. बॉक्समध्ये सगळं तयार येतं म्हणतो. घेऊन देऊ का? (एक आई, नागपूर)

ताई, मुलाच्या वेडाला माझा पूर्ण पाठिंबा, पण स्पिटफायर आत्ता नको. दिसायला सुंदर आहे हे मान्य, पण अशा फायटरचे पंख टोकाकडे निमुळते असतात, वेग कमी झाला की ते टोकच आधी स्टॉल होतं (उचल गमावतं) आणि विमान एकदम एका बाजूला कोलमडतं, आणि वेग कमी कधी होतो तर लँडिंगला, म्हणजे जमीन दोन-तीन मीटरवर असताना. नवशिक्याला तिथे सावरायला वेळच मिळत नाही.

पहिलं विमान ट्रेनरच, म्हणजे शिकण्यासाठीचंच असावं. पंख बॉडीच्या वर, दोन्ही बाजूंनी थोडे उचललेले (याला डायहेड्रल म्हणतात), मोटर फार जोरकस नाही आणि सगळं फोमचं. अशा विमानाची स्टिक (रिमोटवरची दांडी) सोडून दिली तरी ते स्वतःहून सरळ व्हायला बघतं.

पैसे खर्च करायचेच असतील तर रिमोटवर करा, सहा चॅनलचा 2.4 गिगाहर्ट्झचा चांगला ट्रान्समीटर घ्या, कारण विमानं तुटतील आणि बदलतील पण रिमोट वर्षानुवर्षं तोच राहतो. बाकी विमान घरीच बांधता येतं आणि खरं सांगू का, मुलाला ते बांधू द्याच. एक मीटर स्पॅन (पंखांची टोकापासून टोकापर्यंतची लांबी), 20 सेंटीमीटर रुंदीचा साधा चौकोनी पंख, 2212 साइजची 1000 केव्हीची (दर व्होल्टला मिनिटाला 1000 फेरे) ब्रशलेस मोटर, 30 अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), 9 ग्रॅमवाले सर्व्हो (पंख-शेपटीच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी), 3एस 2200 एमएएचची लायपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) आणि 10 बाय 4.5 इंचांचा प्रॉप (पुढचा पंखा), एवढ्यात काम होतं. सगळं मिळून वजन 700 ग्रॅमच्या आसपास ठेवलं तर पंखाच्या दर चौरस डेसीमीटरला 35 ग्रॅम पडतात आणि विमान आरामात, हळू उडतं. वजन वाढत गेलं की ते वेगात उडवावं लागतं आणि मग शिकणं राहतं बाजूला.

आणि विमान हवेत जायच्या आधी सिम्युलेटर. पिकासिम फुकट आहे, रिमोट केबलने कॉम्प्युटरला जोडायचा आणि रोज संध्याकाळी थोडा वेळ बसायचं. तिथे शंभर वेळा आपटलं तरी एक रुपया जात नाही.

प्रश्न: फोम बोर्डचं विमान केलं, मोटरला ताकद भरपूर आहे, पण हातातून सोडलं की नाक वर करतं आणि गटांगळी खाऊन पडतं. एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीवरची झडप) खाली ट्रिम करूनही तेच. अजून मोठी मोटर लावू का? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, सांगली)

मोटर बदलू नकोस रे, तुझं विमान शेपटीत जड आहे. पाठवलेल्या फोटोत बॅटरी पंखाच्या मागच्या कडेखाली ठेवलेली दिसतेय, दुखणं तिथेच आहे.

सीजी म्हणजे विमानाचा तोल जिथे साधतो ती जागा, आणि साध्या सरळ पंखात ती पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या 25 ते 30 टक्क्यांवर हवी. तुझा पंख 20 सेंटीमीटर रुंद आहे म्हणजे पुढच्या कडेपासून 5 ते 6 सेंटीमीटर. पंखाच्या खाली दोन्ही बाजूंना 5 सेंटीमीटरवर मार्करने रेघ मार, बॅटरी-प्रॉपसकट सगळं लाव, आणि दोन बोटांच्या टोकांवर त्या रेघांवर विमान उचल. नाक किंचित खाली झुकलं पाहिजे. शेपटी खाली गेली तर फेकू नकोस, बॅटरी पुढे सरकव, जागा नसेल तर मोटरजवळचा फोम कापून जागा कर. नाकात शिसं भरणं हा शेवटचा उपाय, कारण ते फुकटचं वजन. सर्व्हो शेपटीत बसवले असतील तर ते पंखाखाली आणून पुशरॉड (झडप हलवणारी तार) लांब घे, शेपटीतला एक ग्रॅम भरायला नाकात दोन-तीन ग्रॅम लागतात कारण शेपटी सीजीपासून लांब असते.

नाक जड असलेलं विमान मठ्ठ उडतं, लँडिंगला जास्त वेग लागतो, पण उडतं आणि परत येतं. शेपटी जड असलेलं विमान एलिव्हेटरला जरा हात लावला की उधळतं, आणि अशा विमानाला जेवढी मोठी मोटर लावशील तेवढं ते जास्त जोरात आपटेल. सीजी जमल्यावर आधी मोटर बंद ठेवून वाऱ्याच्या समोर, उंच गवतावर हळूच फेकून बघ. सरळ, किंचित खाली उतरत गेलं की मग थ्रॉटल, म्हणजे मोटरचा वेग, वाढव.

प्रश्न: काका, विमान लांब जाताना मला जमतं पण माझ्याकडे येताना डावी-उजवी उलटी होते आणि मी पाडतो. काय करू? (आठवीतला मुलगा, रत्नागिरी)

अरे, हे सगळ्यांचं होतं, तुझंच नाही. एक युक्ती लक्षात ठेव. विमान तुझ्याकडे येतंय आणि त्याचा एक पंख खाली झुकलाय, तर ज्या बाजूचा पंख तुला खाली दिसतोय त्याच बाजूला स्टिक ढकल, जणू त्या पंखाखाली स्टिकचा टेकू देतोयस. पंख सरळ होतो. डावं-उजवं असा विचारच करायचा नाही. हे सिम्युलेटरवर आधी इतकं कर की बोटं आपोआप जातील. आणि सुरुवातीला विमान नेहमी तुझ्यापुढे, थोडं उंच ठेव, डोक्यावरून मागे जाऊ देऊ नकोस. गडबडलास तर थ्रॉटल कमी कर, स्टिक सोड, ट्रेनर असेल आणि उंची असेल तर ते स्वतः सावरेल. उडवायला जाताना कुणातरी मोठ्याला बरोबर ने, प्रॉप बोट कापू शकतो एवढा जोरात फिरतो, त्याच्या समोर किंवा बाजूच्या रेषेत उभं राहायचं नाही. घरात टेबलवर सेटिंग करताना तर प्रॉप काढूनच ठेवायचा.

प्रश्न: लायपो थोडी फुगलीये, चालते अजून. वापरू का? चार्जिंगची भीती वाटते. (वाचक, औरंगाबाद)

नका वापरू. फुगलेली म्हणजे आतून बिघडलेली, आत गॅस तयार झालाय. ती मोकळ्या जागेत, एखादा छोटा बल्ब लावून पूर्ण उतरवा, तारांना टेप लावा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका.

नव्या बॅटरीचं गणित सोपं आहे. 3एस म्हणजे तीन सेल, फुल चार्ज प्रत्येकी 4.2 व्होल्ट, म्हणजे 12.6. उडवताना सेल 3.5 च्या खाली जाऊ देऊ नका, रिमोटवर टायमर लावा, 2200 च्या बॅटरीला या साइजच्या ट्रेनरवर सात-आठ मिनिटं बस्स झाली. चार्जिंग बॅलन्स चार्जरनेच (तो सगळे सेल सारखे भरतो) आणि 1सी ने, म्हणजे 2200 ला 2.2 अँपिअर. फरशीवर किंवा मातीच्या कुंडीत ठेवून करा, गादीवर किंवा सोफ्यावर नाही, आणि चार्जिंगला लावून झोपायला जायचं नाही. आठवडाभर उडवणार नसाल तर सेलला 3.8 व्होल्टच्या आसपास ठेवा, चार्जरमध्ये स्टोरेज मोड असतोच. आणि तुमच्याकडच्या मे महिन्यात बंद गाडीत बॅटरी ठेवू नका, प्लीज.

प्रश्न: थर्माकोलला फेविक्विक लावलं तर थर्माकोल वितळला. मग चिकटवायचं कशाने? (वाचक, ठाणे)

साधं इन्स्टंट ग्लू थर्माकोल आणि डेप्रॉन (पातळ फोमची शीट) दोन्ही खातं. फोम-सेफ असं लिहिलेलं घ्या, किंवा ग्लू गन कमी टेंपरेचरवर, किंवा घाई नसेल तर पांढरा फेविकॉल, फक्त रात्रभर वाळू द्या. ईपीपी या लवचीक फोमला मात्र साधं इन्स्टंट ग्लू चालतं. बाल्सा या हलक्या लाकडाला तर काहीच प्रश्न नाही. पावसाळा हा बांधणीचा सीझन, निवांत चिकटवा.

प्रश्न: उडवायचं कुठे? परवानगी लागते का? (अनेक वाचक)

2021 च्या ड्रोन नियमांत मॉडेल विमानंही येतात, म्हणून आधी डिजिटल स्काय या सरकारी वेबसाइटवरचा नकाशा उघडून आपली जागा कुठल्या रंगात आहे ते बघा. ग्रीन झोनमध्ये 400 फुटांपर्यंत, विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. पुणेकरांनी तर नकाशा बघितल्याशिवाय घराबाहेर पडूच नये, एकीकडे लोहगाव आणि दुसरीकडे एनडीए. मुंबईत पोलीस वेळोवेळी ड्रोन, पॅराग्लायडर, रिमोटवरच्या विमानांना बंदीचे आदेश काढतात, तेही तपासा.

जागा म्हणाल तर कापणी झालेलं रान, मालकाला विचारून. सकाळी लवकर जा, वारा पडलेला असतो, दुपारी जमीन तापली की हवा उसळते. संक्रांतीच्या दिवसांत मांजा असतो, तेव्हा थांबा. माणसं, गुरं, विजेच्या तारा यांच्यावरून विमान न्यायचं नाही, यात चर्चा नाही. निघताना रिमोट आधी चालू, विमानाची बॅटरी नंतर, बंद करताना बरोबर उलटं. आणि फेलसेफ (सिग्नल तुटला की मोटर आपोआप बंद होणं) लावलाय का ते घरीच बघा: प्रॉप काढून ठेवा, थ्रॉटल द्या, रिमोट बंद करा, मोटर थांबली पाहिजे.

प्रश्न: निवृत्त झालोय, वय 67, चष्मा जाड आहे. आता शिकायला उशीर झाला का? (वाचक, बेळगाव)

अजिबात नाही! मेनार्ड हिल या अमेरिकन माणसाचं नाव ऐकलंय का? त्यांनी बाल्साचं विमान केलं, टीएएम-5, इंधनासकट वजन 5 किलोच्या आत, आणि ऑगस्ट 2003 मध्ये ते न्यूफाउंडलंडहून उडून अटलांटिक ओलांडून आयर्लंडला उतरलं, जवळपास 39 तास, तीन हजार किलोमीटर, चार लिटरपेक्षा कमी इंधनात. मधला प्रवास जीपीएसवाल्या ऑटोपायलटवर, उतरवायचं काम रिमोटवर. हिल तेव्हा 77 वर्षांचे होते आणि त्यांची दृष्टी इतकी गेलेली की कायद्याने ते अंधांत मोडत. आधीचे प्रयत्न फसले होते, तरी ते बांधत राहिले. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

तुम्ही काका, दीड मीटर स्पॅनचं मोठं ट्रेनर घ्या, मोठं विमान लांबून नीट दिसतं आणि वाऱ्यात कमी डचमळतं. पंखाची वरची बाजू पिवळी-नारिंगी आणि खालची बाजू गडद निळी किंवा काळ्या पट्ट्यांची करा म्हणजे कुठली बाजू दिसतेय ते पटकन कळतं. सूर्य पाठीशी घेऊन उभे राहा. आणि जवळपास कुणी उडवणारा असेल तर बडी बॉक्सवर शिका, दोन रिमोट जोडलेले असतात, तुमचं चुकलं की तो एका स्विचने कंट्रोल स्वतःकडे घेतो.