फ्लॅट विकायचा की भाड्याने द्यायचा? आधी तो हप्ता थांबवा

वाचकाचं पत्र, थोडं आवरून:

"वय ६१, गेल्या वर्षी खासगी कंपनीतून निवृत्त. पत्नी ५८, गृहिणी. मुलगी लग्न होऊन पुण्यात. डोंबिवलीचा वन बीएचके २००४ साली सगळे खर्च धरून १० लाखांना घेतला, आता ७२ लाखांचं गिऱ्हाईक आलंय. आम्हाला कायमचं देवगडजवळ आमच्या गावी जायचंय. वडिलोपार्जित जमिनीत माझ्या वाट्याची २० गुंठे आहेत (सातबारा अजून आजोबांच्या नावावर आहे, पण भावकीत वाद नाही). तिथे ३० लाखांत घर बांधून हापूसची ६० कलमं लावणार. पाच वर्षांनी त्यातून वर्षाला तीन लाख सुटतील. फंड-ग्रॅच्युइटीतले २८ लाख एफडीत आहेत. ईपीएसची पेन्शन २,८००. गावी महिना ३० हजार पुरतील. फ्लॅट विकावा की १६ हजार भाड्याने द्यावा? माझा कल विकण्याकडे आहे, कारण दोन वर्षांपूर्वी बँकेत घेतलेल्या योजनेचे उरलेले हप्तेही त्यातून आरामात निघतील (वर्षाला ५ लाख, दोन भरले, आठ बाकी, तिसरा पुढच्या महिन्यात, पंधरा वर्षं पूर्ण झाली की ८७ लाख मिळणार)."

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा फ्लॅटसाठी, आणि एकदा त्या शेवटच्या कंसासाठी. फ्लॅटचं उत्तर सोपं आहे, चार ओळींत देईन. आधी कंस.

गावी तुमचा दोघांचा वर्षाचा खर्च तीन लाख साठ हजार. या योजनेचा वर्षाचा हप्ता पाच लाख. म्हणजे दोन माणसं वर्षभर जेवतील, औषधं घेतील, वीजबिल भरतील, गणपती करतील, त्याहून मोठी रक्कम एका कागदाला द्यायची. तीही पगार बंद झाल्यावर, अजून आठ वर्षं. आणि त्यासाठी राहतं घर विकायचं, हे तुम्ही 'आरामात' या शब्दाने लिहिलंय!

ही 'योजना' नाही, जीवन विम्याची पॉलिसी आहे. कपाटातली फाइल काढा. पॉलिसीच्या तपशिलाच्या तक्त्यात दोन ओळी असतील: प्रीमियम भरण्याची मुदत १० वर्षे, पॉलिसीची मुदत १५ वर्षे. तुमची सही बेनिफिट इलस्ट्रेशनच्या, म्हणजे पुढे किती मिळेल ते दाखवणाऱ्या, तक्त्याखाली असेल, जिथे पेन्सिलने बारीक फुली करून दिलेली असते. अशा फायली इतक्या उघडल्यात की मला ती फुली आता न बघताही दिसते. समोर बसून कोण काय बोललं ते मला माहीत नाही, पण "काका, एफडीसारखंच आहे, उलट जास्त मिळतं" याच्या आसपासचंच काहीतरी असणार. ५९ वर्षांच्या माणसाला, ज्याचा पगार वर्षाभरात थांबणार हे शाखेत सगळ्यांना ठाऊक आहे, त्याला दहा वर्षं हप्ते भरायची पॉलिसी विकणं याला मी चूक म्हणत नाही. चूक नकळत होते.

आता ८७ लाखांकडे बघू. दहा वर्षं पाच-पाच लाख भरून पंधरा वर्षांअखेर ८७ लाख, म्हणजे वर्षाला साधारण ५.३ टक्के. ते करमुक्त आहेत असं तुमच्या बाजूने धरलं तरी पोस्टात ज्येष्ठ नागरिकांना सध्या ८.२ टक्के मिळतात, आणि तुमच्या उत्पन्नात त्या व्याजावर करच बसणार नाही. पण परतावा कमी आहे हे दुखणं लहान. खरं दुखणं पुढे आहे.

फ्लॅट विकून, कर देऊन, घर बांधून तुमच्या हातात सगळे मिळून साधारण ६० लाख राहतील (हिशोब खाली येतोच). त्यावर साडेसात टक्के व्याज धरा. दरवर्षी पाच लाख हप्ता आणि घरखर्च काढा, खर्चात थोडी महागाई घाला. मी मांडून बघितलं. सत्तरीच्या आत-बाहेर तळ दिसतो. पॉलिसीचे पैसे येणार ७४ व्या वर्षी. मधली चार वर्षं कोणाकडे मागणार? मुलीकडे? ८७ लाख 'येणार' असलेल्या माणसाने?

मग करायचं काय? 'मोडून टाका' असं सांगायला हात शिवशिवतो, पण ते महाग पडेल. दोन हप्त्यांनंतर सरेंडर केली तर भरलेल्या रकमेच्या तीस टक्क्यांच्या आसपास हातात येतात. दहा लाखांचे तीन. सगळे हप्ते भरत राहणं हा दुसरा टोकाचा मार्ग, तो आत्ताच पाहिला. तिसरा मार्ग पेड-अपचा. पुढचे हप्ते बंद करायचे, पॉलिसी चालू राहते, फक्त तिची रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात खाली येते. दहातले दोन भरले, म्हणजे ८७ चा पाचवा हिस्सा, सतरा लाख. कंपन्या यातली काही ॲडिशन्स, म्हणजे मुदतीत जमा होणारी जादा भर, कापतात, म्हणून चौदा धरा. आजचे तीन की १३ वर्षांनी चौदा? ते पडलेले पैसे वर्षाला साधारण साडेबारा टक्क्यांनी वाढल्यासारखं आहे. असा सुरक्षित व्याजदर तुम्हाला दुसरीकडे कुठे मिळणार नाही, तेव्हा ते तिथेच पडू द्या. ७४ व्या वर्षी औषधपाण्याला होतील.

याच हिशोबाची दुसरी बाजूही बघा. पेड-अप न करता उरलेले आठ हप्ते भरलेत, तर त्या चाळीस लाखांवर मिळणारा परतावा वर्षाला सहा टक्क्यांच्या आसपास. एवढ्यासाठी हातातली सगळी रोकड अडकवायची का?

"पण विमा संरक्षण कमी होईल ना?" होईल. तुमच्यावर कर्ज नाही, मुलगी आपल्या पायावर उभी आहे. पत्नीला तुमच्यामागे दरमहा व्याज लागेल, आणि ते तुम्ही हप्त्यात घातलं नाहीत तर शिल्लक राहील.

पेड-अपला फारसं काही करावं लागत नाही, हप्ता भरायचा नाही एवढंच. गोम इथेच आहे. पॉलिसी घेताना तुम्ही बँकेला ऑटो-डेबिटची परवानगी दिलेली असणार. म्हणजे तुम्ही काही न करता पुढच्या महिन्यात पाच लाख आपोआप जातील. ते मॅन्डेट लेखी रद्द करा आणि अर्जाच्या प्रतीवर शाखेचा शिक्का घ्या. 'पेड-अप झाल्यावर मुदतीअंती किती मिळतील, आज सरेंडर केली तर किती' हे विमा कंपनीला ईमेलने विचारा. फोनवर नाही. माझे आकडे अंदाजाचे आहेत, त्यांचे कागदावर येतील. सरेंडरचा आकडा तीनऐवजी सात-आठ आला, तर मला परत लिहा, उत्तर बदलू शकतं.

तक्रार करायची असेल तर तीही लेखीच, आधी विमा कंपनीकडे. त्यांनी नाकारलं किंवा महिनाभर उत्तर दिलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी नाही, वकील नाही. प्रपोजल फॉर्मची (पॉलिसी घेताना भरलेल्या अर्जाची) प्रत मागवा आणि त्यात तुमचं उत्पन्न काय लिहिलंय ते बघा. तुमच्या पगाराशी ते जुळत नसेल तर तो कागद जपून ठेवा. सगळे पैसे परत मिळतील या आशेवर मात्र घराचा आराखडा काढू नका.

आता फ्लॅट. सोळा हजार भाडं म्हणजे वर्षाला एक लाख ९२ हजार. सोसायटीचा मेन्टेनन्स, मालमत्ता कर, एखादा महिना रिकामा गेला की हातात एक लाख ४० हजार. ७२ लाखांवर दोन टक्के. किंमत २००४ पासून वर्षाला जवळपास दहा टक्क्यांनी वाढली हे खरं, पण ती वाढ वाणसामान भरत नाही. तेव्हा विका. फक्त आत्ता नाही, वर्षभराने.

हे वर्ष कशाला? तर पावसाळ्यासाठी. गणपतीला आणि शिमग्याला गावी जाणं वेगळं, आणि जुलैत तीन दिवस वीज नसताना, छपरातून थेंब पडत असताना, गुडघा दुखतोय आणि डॉक्टर तालुक्याला, असं राहणं वेगळं. गावात जुनं घर असेल, एखादी खोली भाड्याने मिळत असेल, तर तिथे एक पूर्ण पावसाळा काढा. पत्रात सगळीकडे 'आम्हाला' आहे, पण पत्नीचं वाक्य एकही नाही. त्यांना सप्टेंबरात विचारा. तोवर फ्लॅट अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर द्या. घर वर्षभर भाड्याने दिलं म्हणून कराची सवलत जात नाही. एफडीतले २६ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका, महिना १७,७०० पडतील. भाड्याचे निव्वळ साडेअकरा आणि पेन्शन धरून ३२ हजार होतात. वर्ष निघतं.

मग विका. ७२ मधून दलालीचा एक लाख वजा. नफा ६१ लाख, त्यावर साडेबारा टक्के कर. जुन्या पद्धतीने महागाई निर्देशांक लावून वीस टक्के केले (२००४-०५ चा ११३, २०२५-२६ चा ३७६) तरी आकडा साडेसात लाखांवरच येतो, सेससकट आठ. घर बांधायला गेलेले पैसे नफ्यातून सुटतात. घराला मी ३५ लाख धरतोय. चिरा, वाळू, गवंडी आणि विहिरीपासून नळ आणणं तीसमध्ये बसलं तर देवाला नारळ ठेवा. म्हणजे कर साडेतीनच्या आत. विक्रीपासून तीन वर्षांत घर पूर्ण व्हायला हवं, आणि विवरणपत्राच्या तारखेपर्यंत न वापरलेली रक्कम बँकेत कॅपिटल गेन्स खात्यात ठेवावी लागते. साध्या एफडीत ठेवली की सवलत हुकते.

उरले साधारण ६०. त्यातले ३० ज्येष्ठ नागरिक योजनेत (आधीचे २६ धरून), महिना २०,५०० होतात, हातात दर तिमाहीला येतात. १५ पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत, दोघांच्या नावे, ७.४ टक्क्यांनी ९,२५०. पाच लाख एफडीत, हात लावायला. दहा लाख म्युच्युअल फंडात, सात-आठ वर्षं विसरायला, कारण आजचे ३० हजार तेव्हा पुरणार नाहीत. पेन्शन आणि एफडीचं व्याज धरून महिना ३५ हजार होतात. त्यातले पाच हजार आरोग्य विम्याला. पत्रात त्याचा शब्द नाही, म्हणजे कंपनीचा विमा निवृत्तीबरोबर संपला असं मी धरतो. तो गावी जायच्या आधी घ्या. आधीपासून असलेल्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं, आणि ते घड्याळ पॉलिसी घेतल्यावरच सुरू होतं.

आता पत्रातला दुसरा कंस. 'सातबारा आजोबांच्या नावावर, पण भावकीत वाद नाही.' वाद नसतोच. घराचा स्लॅब पडेपर्यंत नसतो. आजोबांचे वारस म्हणजे फक्त काका आणि चुलतभाऊ नव्हेत. तुमच्या आत्या, आणि त्या हयात नसतील तर त्यांची मुलंही. त्यांतला एक जण मुंबईत बसून सही देणार नाही, हे तुम्हाला ३५ लाख जमिनीत गेल्यावर कळावं असं मला वाटत नाही. वारस नोंद करून फेरफार करा, मग सगळ्यांच्या संमतीने तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे वाटप, भूमी अभिलेखची मोजणी आणि तुमचा स्वतंत्र पोटहिस्सा. जमीन गावठाणाबाहेर असेल तर बांधकामाची परवानगी वेगळी. करसवलत मागतानाही घर कोणाच्या जमिनीवर आहे हे विचारलं जाईल. याला वर्ष जाईल, कदाचित जास्त. सातबाऱ्यावर तुमचं नाव एकट्याचं दिसेपर्यंत चिऱ्याची एक गाडीही मागवू नका, आणि फ्लॅटचा विसारही घेऊ नका.

कलमांबद्दल थोडक्यात. हापूस दहा मीटरवर लावतात, म्हणजे एका कलमाला एक गुंठा. वीस गुंठ्यांत घर, खळं, विहीर काढून पंधरा कलमं बसतील, साठ नाही. दाट लावून दरवर्षी छाटणी करणारे आहेत, पण ते पूर्णवेळ बागायतदार आहेत आणि त्यांचे गुडघे तुमच्यापेक्षा तरुण आहेत. पाचव्या वर्षी मोहोर दिसतो, भरवशाचं पीक यायला त्याहून बरीच वर्षं जातात. त्यातही हापूस एका वर्षी देतो, पुढच्या वर्षी हात आखडतो. मधे अवकाळी पाऊस, थ्रिप्सची कीड, फवारणीची बिलं. लावा जरूर. हिशोबात मात्र त्या तीन लाखांच्या जागी शून्य लिहा. पेटी निघाली तर एक मुलीकडे पाठवा.

ता. क. ज्या बाईंनी किंवा साहेबांनी पॉलिसी दिली, त्यांना मॅन्डेट रद्द करण्याआधी फोन करू नका. ते चहा मागवतील आणि अजून एकच वर्ष भरा म्हणतील.